फूट, तडजोड आणि लाचारी : एक अभ्यास

आपल्या चळवळीत काही शब्द बदनाम झालेले आहेत. 'तडजोड' हा त्यांपैकी एक. एखाद्या कार्यकर्त्याने तडजोड केली असे म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, "कितीला?" हा प्रश्न उगाच निर्माण झालेला नाही. समाजाच्या नावाने तडजोड करून स्वतःचे घर भरणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु त्यामुळे एक फार मोठे नुकसान झाले. तडजोड आणि लाचारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच आपण विसरलो. मग जो कोणाशीही जुळवून घेत नाही तो स्वाभिमानी, आणि जो चार लोकांना सोबत घेतो तो विकला गेलेला, असा एक सोपा हिशेब रूढ झाला. या हिशेबाने आपल्याला काय दिले, तर फूट.

आमच्या वस्तीत एका वर्षी १४ एप्रिलला दोन मिरवणुका निघाल्या. एकाच महामानवाची जयंती, एकच निळा झेंडा, एकच रस्ता आणि दोन लाउडस्पीकर. वाद होता तो अध्यक्ष कोणी व्हायचे आणि वर्गणीचा हिशेब कोणी ठेवायचा एवढाच. दोन्ही मिरवणुका चौकात समोरासमोर आल्या तेव्हा मध्ये पोलिसांना उभे राहावे लागले. त्या दिवशी आम्ही घरी येऊन पुष्कळ विचार केला. जे आपल्याला वस्तीत जमत नाही ते विधिमंडळात आणि संसदेत कसे जमणार? म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करून तो सभासद आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवावा असे ठरविले. कोणत्याही एका गटाची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही.

रोहिणीच्या पाण्याचा वाद

आरंभ भगवान बुद्धांच्या चरित्रापासूनच करू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण त्यांनी त्यात वेगळे सांगितले आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यामध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ संघाचा सभासद होता. त्याने विरोध केला, पण नुसता विरोध करून तो थांबला नाही, त्याने पर्यायही दिला. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. आजच्या भाषेत यालाच लवाद मंडळ म्हणतात.

हा पर्याय बहुमताने फेटाळला गेला. पुढे काय झाले ते विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. सिद्धार्थाने आपले मत बदलले नाही आणि युद्धात भागही घेतला नाही. परंतु त्याने शाक्य संघात आपला वेगळा गटही काढला नाही. बहुमताचा निर्णय मान्य नसेल तर त्याची किंमत आपण स्वतः मोजली पाहिजे, संघाला ती मोजायला लावता कामा नये, असे मानून त्याने परिव्रज्या पत्करली. म्हणजे प्रथम तडजोडीचा प्रस्ताव, तो फेटाळला गेल्यावरही तत्त्वाशी निष्ठा, आणि निष्ठा राखताना संघाचे नुकसान न करणे, या तीन पायऱ्या आपल्याला येथे दिसतात. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. पहिली पायरी आपण गाळतो, दुसरीचे भाषण करतो आणि तिसरीच्या जागी नवा पक्ष काढतो.

कौशांबीचे भिक्खू

संघातील भांडणाची सर्वांत प्रसिद्ध कथा विनयपिटकातील महावग्गात आहे. कौशांबीच्या घोषिताराम विहारात दोन भिक्खूंमध्ये वाद झाला. परंपरा असे सांगते की शौचकूपातील भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले एवढेच मूळ कारण होते. हा दोष आहे की नाही यावरून दोन पक्ष पडले. एकाने दुसऱ्याला संघाबाहेर काढले, दुसऱ्याने ती कारवाई अवैध ठरविली. प्रकरण हातघाईवर आले. भगवान स्वतः समजवायला गेले. त्यांनी कोशलचा राजा दीघीति आणि त्याचा पुत्र दीघावू यांची कथा सांगितली. फार लांब पाहू नकोस आणि फार जवळही पाहू नकोस, असा उपदेश त्या पित्याने मरताना मुलाला केला होता. वैर लांबवू नकोस आणि मैत्री घाईने तोडू नकोस, असा त्याचा अर्थ.

भिक्खूंनी ऐकले नाही. भगवंतांनी स्वस्थ राहावे, या भांडणाचे आम्ही पाहून घेऊ, असे उत्तर त्यांनी प्रत्यक्ष तथागतांना दिले. तेव्हा भगवान कौशांबी सोडून निघून गेले आणि पारिलेय्यक वनात एकटे राहिले.

मग भांडण मिटले कसे? ते उपासकांनी मिटविले. कौशांबीच्या गृहस्थांनी ठरविले की ज्यांच्यामुळे भगवान निघून गेले त्यांना वंदन करायचे नाही आणि भिक्षाही घालायची नाही. भिक्षापात्र रिकामे राहू लागले तेव्हा दोन्ही पक्षांना शहाणपण आले. ते श्रावस्तीला गेले, ज्याने दोष केला होता त्याने तो मान्य केला, ज्यांनी त्याला बाहेर काढले होते त्यांनी त्याला परत घेतले, आणि संघ पुन्हा समग्र झाला.

पुढारी भांडतात तेव्हा सामान्य माणूस म्हणतो, आम्ही काय करणार? कौशांबीच्या उपासकांनी याचे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वी दिले आहे. वर्गणी आपली, गर्दी आपली, मत आपले. फुटीला भिक्षा घालायची की नाही हे आपल्याच हातात आहे.

वाद मिटविण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

भगवान बुद्धांनी संघाला केवळ 'एकोप्याने राहा' असा उपदेश केला नाही. माणसे एकत्र आली की मतभेद होणारच हे गृहीत धरून विनयात वाद मिटविण्याच्या सात पद्धती दिल्या आहेत. त्यांना 'अधिकरणशमथ' म्हणतात. आपल्या विषयाशी निगडित अशा तीन गोष्टी येथे सांगतो.

पहिली 'उब्बाहिका'. मोठ्या सभेत चर्चा भरकटू लागली, कोण काय बोलतो ते कळेनासे झाले, तर योग्य भिक्खूंची छोटी समिती निवडून तिच्याकडे प्रश्न सोपवावा. संसदेत विधेयक प्रवर समितीकडे पाठवितात त्याचेच हे जुने रूप म्हणता येईल.

दुसरी 'येभुय्यसिका', म्हणजे बहुमत. यासाठी शलाका वाटल्या जात. मत घेणारा भिक्खू कसा असावा हेही सांगितले आहे. तो लोभाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने झुकणारा नसावा आणि कोणते मत घेतले गेले, कोणते नाही, हे त्याला समजत असावे. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याकडून आपण याहून वेगळी कोणती अपेक्षा करतो?

तिसरी पद्धत आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचे नाव 'तिणवत्थारक', म्हणजे गवताने झाकणे. भांडण इतके लांबले की दोन्ही बाजूंकडून नको ते बोलले गेले, नको ते केले गेले. आता एकेकाचा दोष उकरून काढू लागलो तर भांडण मिटण्याऐवजी वाढेल. अशा वेळी दोन्ही पक्षांनी एकत्र बसावे, प्रत्येक पक्षातील एका समर्थ भिक्खूने आपल्या बाजूच्या सर्वांच्या वतीने दोष मान्य करावा आणि विषय झाकून टाकावा. मात्र दोन गोष्टी या गवताखाली झाकता येत नाहीत. गंभीर अपराध झाकता येत नाही, आणि गृहस्थांशी संबंधित दोष झाकता येत नाही. म्हणजे पुढाऱ्यांनी एकमेकांना काय म्हटले ते विसरता येईल, पण जनतेचा जो अपराध केला त्यावर आपसांत पडदा टाकता येणार नाही. तडजोडीची मर्यादा याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगितली असेल असे आम्हाला वाटत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी हाच वारसा देशाला आठवून दिला. ठराव, गणसंख्या, पक्षप्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान हे नियम भिक्खू संघाला माहीत होते, संसदीय पद्धती भारताला नवी नाही, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात त्यांनी इशाराही दिला की पक्षांनी आपले मत देशापेक्षा मोठे मानले तर स्वातंत्र्य दुसऱ्यांदा धोक्यात येईल.

पुणे करार : दबावाखालची तडजोड

आता एक दुखरी जागा. तडजोडीचे नाव काढले की आपला माणूस पुणे कराराचे उदाहरण देतो, आणि ते योग्यच आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबर रोजी करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आणि चार उमेदवारांची प्राथमिक निवडणूक मिळाली. संयुक्त मतदारसंघात अंतिम निवड बहुसंख्याकांच्या हाती गेली. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जवळजवळ सर्वत्र पराभव झाला, त्याचे हे एक मोठे कारण होते. बाबासाहेबांनी पुढे या करारावर कडक टीका केली.

यातून धडा कोणता घ्यायचा? तडजोड करूच नये, असा धडा काही जण घेतात. आम्हाला तसे वाटत नाही. एका माणसाच्या प्राणाचे ओझे दुसऱ्या पक्षाच्या मानेवर ठेवून जी बोलणी होतात ती बरोबरीची नसतात, आणि बरोबरी नसेल तेथे झालेला करार दुबळ्याच्या अंगावर पडतो, हा खरा धडा आहे. त्याही परिस्थितीत बाबासाहेबांनी हात रिकामे ठेवले नाहीत. आपल्यामागे संघटना नसती तर तेवढेही मिळाले नसते.

घटना समिती : देवाणघेवाणीची शाळा

यानंतर चौदा वर्षांनी, १९४६ मध्ये, बाबासाहेब घटना समितीत गेले ते मुंबईतून नव्हे, तर जोगेंद्रनाथ मंडल यांच्या सहकार्याने बंगालमधून. मुस्लिम लीगने बहिष्कार घातलेला होता. पंडित नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांचा ठराव मांडला. बॅ. जयकरांनी सूचना केली की लीग आणि संस्थाने येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा. जयकरांवर सभागृह रागावले. १७ डिसेंबरला बाबासाहेब बोलायला उठले. पराभूत पक्षाचा हा एकटा नेता आता काँग्रेसवर तुटून पडेल अशी पुष्कळांची कल्पना होती. त्यांनी उलट ऐक्याची भाषा केली. घोषणा बाजूला ठेवा, विरोधकांच्या गैरसमजांनाही थोडी सवलत द्या, म्हणजे ते आपल्याबरोबर चालू लागतील, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ठराव पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला.

फाळणीमुळे बंगालमधील त्यांची जागा गेली. तेव्हा काँग्रेसनेच त्यांना मुंबईतून निवडून आणले. डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यासाठी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले होते. कालपर्यंत एकमेकांवर आग ओकणारे दोन पक्ष देशाच्या कामासाठी एकत्र आले. १५ ऑगस्ट १९४७ चे पहिले मंत्रिमंडळही असेच होते. त्यात बाबासाहेबांप्रमाणेच हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी, जस्टिस पक्षाचे षण्मुखम चेट्टी आणि अकाली दलाचे सरदार बलदेवसिंग होते.

घटना तयार होत असताना बाबासाहेबांनी काय सोडले आणि काय मिळविले? आम्ही बँकेत नोकरी करतो. दिवसअखेर जमा आणि नावे जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नाही. त्याच सवयीने हा हिशेब मांडतो. १९४७ मध्ये फेडरेशनतर्फे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ, अस्पृश्यांच्या वेगळ्या वसाहती आणि घटनेतच लिहिलेला राज्य समाजवाद मागितला होता. ही कलमे 'नावे' बाजूला गेली. 'जमा' बाजूला आले ते अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७, न्यायालयात दाद मागता येणारे मूलभूत हक्क, राखीव जागा, नोकऱ्यांतील संरक्षण आणि प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत. राज्य समाजवादाचा काही अंश मार्गदर्शक तत्त्वांत उतरला.

एक उदाहरण तर फारच बोलके आहे. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके, हे बाबासाहेबांचे मत त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी सभागृहात निःसंदिग्धपणे मांडले. सभागृहात ग्रामपंचायतीच्या पक्षाचे सभासद पुष्कळ होते. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तेच आजचे कलम ४०. ते मार्गदर्शक तत्त्वांत गेले, म्हणजे घटनेचा पाया खेडे न होता व्यक्तीच राहिली. त्यांनी मत सोडले नाही, हट्ट सोडला. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींमध्ये अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. ज्या चावडीवर आपल्या आजोबांना दूर उभे राहावे लागे तेथे आज आपली बहीण सरपंचाच्या खुर्चीवर बसते. तडजोडीचे व्याज कधी कधी फार उशिरा जमा होते.

आणि मर्यादा

परंतु हेच बाबासाहेब २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी चार वर्षे कष्ट घेतले होते. विरोध वाढला तेव्हा संपूर्ण बिलाऐवजी विवाह आणि घटस्फोट एवढाच भाग आधी घेण्यासही ते तयार झाले. म्हणजे येथेही त्यांनी तडजोड केली. पण चार कलमे होताच तोही भाग बाजूला ठेवण्यात आला. अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण आणि महत्त्वाची खाती न मिळणे ही त्यांनी दिलेली इतर कारणे होती. ज्या कामासाठी खुर्ची घेतली ते काम होणार नसेल तर खुर्ची कशाला, असा तो साधा व्यवहार होता. तत्त्वासाठी सत्तेत जाणे आणि तत्त्वासाठीच सत्ता सोडणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. त्या बिलातील तरतुदी १९५५ आणि १९५६ मध्ये चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आल्या.

आपल्या घरातील फूट

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. बाबासाहेबांना तो सर्व शोषितांचा, सबळ विरोधी पक्ष व्हायला हवा होता. लोकशाहीला विरोधी पक्ष लागतो हे त्यांनी डिसेंबर १९५२ मध्ये पुण्याच्या भाषणात सांगितलेच होते. पण दोन-तीन वर्षांतच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन गट झाले. एकीकडे कर्मवीर दादासाहेब गायकवाड, दुसरीकडे बी. सी. कांबळे. भूमिहीनांच्या लढ्यावर भर द्यावा आणि डाव्या पक्षांना सोबत घ्यावे की घटनात्मक मार्गावर आणि बाबासाहेबांच्या विचारांच्या शुद्धतेवर भर द्यावा, असा तो वाद होता. आज मागे वळून पाहिले तर वाटते, या दोन गोष्टींमध्ये वैर कोठे होते? एका पक्षात दोन्ही राहू शकल्या असत्या. त्यासाठी एखादी 'उब्बाहिका' बसवायला हवी होती.

दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून झालेल्या देशव्यापी भूमिहीन सत्याग्रहात प्रचंड संख्येने लोकांनी तुरुंग भरले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे आणि बौद्धांना सवलती मिळाव्यात या त्यातील दोन मागण्या होत्या. त्या केंद्रात पूर्ण झाल्या त्या १९९० मध्ये, व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात. या सरकारला बहुमत नव्हते. एका बाजूला भारतीय जनता पक्ष आणि दुसऱ्या बाजूला डावे पक्ष यांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर ते अकरा महिने टिकले. तेवढ्यात बाबासाहेबांना भारतरत्न, मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र, धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती आणि मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा ही कामे झाली. बलाढ्य बहुमताच्या सरकारांनी जे केले नाही ते आधारावर उभ्या असलेल्या सरकारने केले.

१९७२ मध्ये दलित पँथर आली, १९७४ मध्ये तीही फुटली. त्यानंतर ऐक्याचे प्रयत्न अनेकदा झाले. त्यातील एक वर्ष सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून निवडून आले. या चारही जागा राखीव नव्हत्या, सर्वसाधारण होत्या. याचा अर्थ इतर समाजांनीही मते दिली. पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, निवडणूक आली तेव्हा ते ऐक्य राहिले नव्हते. कोणाचे चुकले हे आम्ही येथे सांगत नाही. ते गवताने झाकू या. पण चार जागांची बेरीज आणि नंतरची वजाबाकी ज्याची त्याने करून पाहावी.

नामविस्तार

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात जे घडले, जी घरे जळाली आणि जे जीव गेले, ते आपण विसरू शकत नाही. सोळा वर्षे लढा चालला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे नाव झाले. नामांतराऐवजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने दुसरे विद्यापीठ निघाले. त्या वेळी कित्येकांना वाटले की आपल्याला अर्धेच दिले. ज्यांच्या घरातील माणूस गेला त्यांना तसे वाटणे स्वाभाविक होते. पण आज तेथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या प्रमाणपत्रावर, मग तो कोणत्याही जातीचा असो, बाबासाहेबांचे नाव असते. 'मराठवाडा' हा शब्द राहिल्याने ते नाव कमी झाले नाही. उलट मराठवाड्याचे आणि बाबासाहेबांचे नाते त्यात कायमचे बांधले गेले.

ओळखायचे कसे?

तडजोड कोणती आणि लाचारी कोणती हे ओळखण्यासाठी आम्ही पाच प्रश्न काढले आहेत.

१. सोडले ते काय? साधन, वेळ, पद किंवा शब्द सोडला तर तडजोड. समता सोडली तर लाचारी.

२. मिळाले कोणाला? समाजाला मिळाले तर तडजोड, फक्त वाटाघाटी करणाऱ्याला मिळाले तर लाचारी.

३. उघड झाले की गुपचूप? तडजोडीचा कागद सभेत वाचून दाखविता येतो.

४. फेरविचाराची सोय आहे काय? तडजोड ही एका मुदतीची असते, लाचारीला मुदत नसते.

५. बाहेर पडण्याचे दार उघडे आहे काय? १९५१ चा राजीनामा शक्य झाला, कारण दार बाबासाहेबांनी बंद होऊ दिले नव्हते.

याला एक सहावी गोष्ट जोडावी लागेल. तडजोड करायला ताकद लागते, आणि ताकद एकत्र राहण्यात असते. फुटलेल्या गटाला तडजोड करता येत नाही, त्याला फक्त शरण जाता येते. समोरचा पक्ष एका गटाला एक जागा दाखवितो, दुसऱ्याला एक महामंडळ दाखवितो आणि दोघेही स्वस्तात जातात. म्हणजे जो 'मी तडजोड करणार नाही' म्हणून आपल्याच भावापासून फुटतो, तोच उद्या परक्याच्या दारात लाचार होतो. फूट आणि लाचारी यांचे नाते असे आहे.

पक्षांतर रोखण्यासाठी १९८५ मध्ये घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले, आणि एक तृतीयांश सभासदांच्या फुटीला मिळणारे संरक्षण २००३ मध्ये काढून घेण्यात आले. तरीही २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन मोठे पक्ष फुटलेले आपण पाहिले. कायद्याने पक्षांतराला दंड करता येईल, पण एकत्र राहण्याची वृत्ती कायद्याने निर्माण होत नाही. ती वस्तीतल्या मंडळापासून शिकावी लागते.

मग करायचे काय? सर्व गट विलीन व्हावेत ही इच्छा चांगली, पण ती वारंवार फसली आहे. आमच्या बँक क्षेत्रातील एक अनुभव येथे उपयोगी पडेल. बँक कर्मचारी आणि अधिकारी यांच्या अनेक संघटना आहेत. त्यांचे झेंडे वेगळे, राजकीय विचार वेगळे, एकमेकांवर टीकाही भरपूर. परंतु पगार-कराराच्या वेळी नऊ संघटना एका मंचावर बसून बँक मालकांच्या संघाशी बोलणी करतात. १९६६ पासून द्विपक्षीय करारांची ही परंपरा चालू आहे. मागितले तेवढे कधीच मिळत नाही, पण कोणी एकटा जाऊन करार करून आला तर सर्वांचेच नुकसान होईल हे प्रत्येकाला कळते. आपल्या गटांनीही झेंडे हवे तर वेगळे ठेवावेत. पण शिष्यवृत्ती, वसतिगृहे, नोकऱ्यांतील अनुशेष, भूमिहीनांना जमीन आणि अत्याचारप्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी या पाच मागण्यांपुरते तरी एकाच टेबलावर बसावे. आणि जो बसणार नाही त्याच्या पात्रात काय घालायचे ते कौशांबीच्या उपासकांप्रमाणे आपण ठरवावे.

आमच्या वस्तीतील त्या दोन मिरवणुकांचे पुढे काय झाले ते सांगून लेख संपवितो. दुसऱ्या वर्षी महिला मंडळाने जाहीर केले की मिरवणूक एक निघणार असेल तरच वर्गणी आणि खीर मिळेल. दोन्ही बाजूंची दोन-दोन माणसे बसली आणि पाचव्या म्हणून एका निवृत्त शिक्षिकेला बोलाविले. अध्यक्षपद वर्षाआड वाटून घेतले, हिशेब फलकावर लावायचा ठरला. आजही त्यांच्यात कुरबुरी चालतात, पण मिरवणूक एकच निघते आणि चौकात पोलिसांना मध्ये उभे राहावे लागत नाही.

विद्यार्थ्यांसाठी चर्चेचे प्रश्न

१. सिद्धार्थाचा लवादाचा प्रस्ताव आणि 'उब्बाहिका' यांत साम्य कोणते व फरक कोणता?

२. 'तिणवत्थारक' पद्धतीत कोणते दोष झाकता येत नाहीत? आजच्या पक्षीय समझोत्यांना हा नियम लावून पाहा.

३. पुणे करार आणि कलम ४० ची दुरुस्ती या दोन्ही तडजोडीच होत्या. त्यांत बरोबरीच्या दृष्टीने कोणता फरक होता?

४. तुमच्या मंडळात किंवा वसतिगृहात झालेला एखादा वाद घ्या आणि वरील पाच प्रश्न लावून त्याचा निकाल लिहा.

जय भीम!